मागे काही न ठेवणारा खाऊ

नाशिकमध्ये कुत्र्यासाठी खाऊ निवडायला बसलं की सगळ्यात आधी नाशिकच बाजूला ठेवावं लागतं. इथलं द्राक्ष कुत्र्याला चालत नाही आणि बेदाणा त्याहून वाईट. लासलगावचा कांदा चालत नाही. कच्चा नाही, परतलेला नाही, वाळवलेलाही नाही. म्हणून मिसळीची तर्री बाद, चिवड्यातला तळलेला कांदा बाद, काल रात्रीच्या रश्श्यातलं चिकन नळाखाली धुऊन घेतलं तरी बाद. भौगोलिक मानांकन मिळालेली ही दोन्ही पिकं, जिल्ह्याची ओळख ज्यांच्यावर उभी आहे, ती कुत्र्याच्या पोटात गेली की घात करतात. कांद्या-लसणातली गंधकाची द्रव्यं त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि ते लगेच कळत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. द्राक्षाने मूत्रपिंडं निकामी होतात. किती मण्यांनी, याचा भरवशाचा आकडा नाही. एकाला मूठभर पचून जातात, दुसऱ्याला चार-दोन नडतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेच्या आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडाही मी या यादीत धरतो.

ही वजाबाकी करून जे उरतं त्यातून रोजच्या सरावाचा खाऊ शोधायचा. सणावाराचा नव्हे, रोजचा. सकाळी गंगापूर रोडला फिरताना, संध्याकाळी जिन्यात, दारावरची बेल वाजल्यावर, ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ या चार शब्दांपायी दिवसातून कितीतरी वेळा जो हातातून तोंडात जातो, तो. त्याच्याकडे कुणी रसिकतेने पाहत नाही. पाकिटावरचा फोटो आणि किंमत बघून तो घेतला जातो आणि खिशात कोंबला जातो. मला मात्र हा एवढासा तुकडा फार गुणांचा वाटतो. त्याच्या गुणांची मौज अशी की ते बहुतेक नकाराचे आहेत. चांगला खाऊ हाताला लागत नाही, खिशात सांडत नाही, फरशीवर उरत नाही आणि तोंडात रेंगाळत नाही. तो इतका निमूट संपतो की कुत्र्याची नजर त्याच्यावरून उठून पुन्हा आपल्या चेहऱ्यावर येते.

त्या नजरेसाठीच सगळा खटाटोप असतो. सरावातला खरा भाग दोन घासांच्या मधे आहे. कुत्रा बसतो, शाबासकीचा शब्द ऐकतो, घास घेतो, घास संपतो, आणि मग तो कान टवकारून पुढच्या शब्दाची वाट पाहतो. ती वाट पाहणं म्हणजे शिकणं. घास मोठा असला तर तो खाली ठेवतो, पुढच्या दोन पायांत धरतो, चावतो, सांडलेलं हुंगत फिरतो, आणि तेवढ्यात शाबासकी कशाबद्दल होती ते पुसून जातं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात सामान्य वाचकांसाठी प्राण्यांना शिकवण्यावर एक लेख लिहिला होता. एका सेकंदाच्या उशिरानेही बक्षिसाचा बराचसा परिणाम हरवतो, असं त्यांनी त्यात बजावलं होतं, आणि हा उशीर भरून काढायला ‘टिक’ असा आवाज करणारं एक साधं खेळणं सुचवलं होतं. आजच्या क्लिकरचं मूळ त्या काळातल्या प्रयोगांत आहे. क्लिकर नसला तरी घरात ‘हां!’ आहेच, आखूड, तोंडातून चटकन निघणारा आणि घरातल्या सगळ्यांना सारखाच म्हणता येणारा. आधी शब्द, मग हात, मग घास, हा क्रम सांभाळायचा. हात आधी खिशाकडे गेला की कुत्रा हाताचा अभ्यास करायला लागतो आणि शब्द नुसताच हवेत राहतो.

म्हणून आकार मटाराच्या दाण्याएवढा. पॉमेरेनियनसारख्या चिमुकल्याला तुरीच्या दाण्याएवढा. घरातल्या मोठ्या माणसांना हे पटवणं अवघड जातं. दारात आलेल्याला चतकोर-अर्धी भाकरी घालणाऱ्या हातांना एवढासा तुकडा देणं कंजूषपणाचं वाटतं. त्यांना मी काळाराम मंदिरातल्या प्रसादाची आठवण करून देतो. चार साखरफुटाणे, खडीसाखरेचा खडा, खोबऱ्याची कपची: कोरडं, तळहातावर मावेल एवढं, तिथल्या तिथे तोंडात टाकावं असं, मागे चिकट हात न ठेवणारं. पोट भरावं म्हणून तो कुणी मागत नाही. दिल्या क्षणामुळे त्याला मोल येतं. आजी-आजोबा हे ऐकतात आणि पुढच्या वेळी बिस्किटाचे आठ तुकडे करतात, असा माझा अनुभव आहे.

बिस्किट म्हटलं की पिवळ्या पुड्यातलं ग्लुकोज बिस्किट. त्याच्याबद्दल आदरानेच बोललं पाहिजे. या देशातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्यांनी माणसाच्या हातून घेतलेला पहिला घास तोच असेल. रामकुंडापासून द्वारकेच्या चौकापर्यंत कुठल्याही टपरीवर ते मिळतं, पाच रुपयांत मैत्री जुळते. भाजलेल्या गव्हाचा, साखरेचा आणि दुधाळ असा त्याचा वास माणसालाही लहानपणात नेतो. पण सरावाचा खाऊ म्हणून ते हातात घेऊन नीट पाहावं. ते ठरल्या रेषेवर मोडत नाही. चार तुकडे करायला जावं तर तीन तुकडे आणि चिमूटभर भुगा होतो. तो भुगा शर्टाच्या खिशाच्या शिवणीत बसतो, पँटच्या खिशात घामाने ओला होऊन लगदा होतो, आणि फरशीवर पडला की कुत्रा ‘थांब’ विसरून जीभ फिरवत बसतो. मुंग्या येतात, त्या वेगळ्याच. शिवाय वजनाचा जवळजवळ पाव भाग साखर. एका बिस्किटात वीसेक किलोकॅलरी धरल्या तर दहा किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा खाऊ तीन बिस्किटांत संपतो. ओळख करून घ्यायला, घाबरलेल्या जीवाला जवळ बोलवायला बिस्किट चांगलं. रोज शिकवायला ते पुरत नाही.

गंमत म्हणजे कुत्र्याच्या खास बिस्किटाचा जन्मही प्रवासी बिस्किटातून झाला असं सांगतात. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस लंडनला आला होता. बंदरात जहाजावरची वाळकी, कडक बिस्किटं खाणारी कुत्री त्याने पाहिली आणि १८६० च्या दशकात गहू, भाज्या आणि मांस घातलेली कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, अशी ती कथा. कथा किती खरी ते असो, धंदा खरा होता आणि पुढे मोठा झाला. जहाजावरच्या बिस्किटाचा गुण कोरडेपणाचा. महिनोन्महिने न विटणारं, न ओघळणारं. हा कोरडेपणाच मला खाऊच्या सगळ्या गुणांत मोठा वाटतो. पाणी कमी म्हणजे बुरशी कमी, चिकटपणा कमी, खिसा स्वच्छ.

ओल्या खाऊची चव निःसंशय वरची. उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकासमोर आला की कुत्र्याचं सगळं अंग ताठ होतं. पण ते बोटांना ओशट करतं, त्या बोटांनी पट्टा धरला की पट्टा ओशट, मग फोन, मग दाराची कडी. पनीर हातात चुरतं आणि पाणी सोडतं. चीजचा चौकोन नाशिकच्या एप्रिलमध्ये पाच मिनिटांत घाम गाळतो आणि त्यातलं मीठही काही थोडं नसतं. यावर एकच उतारा, या गोष्टींतलं पाणी काढून घेणं. चिकनची छाती बिनमिठाच्या पाण्यात उकडून, कापडाने टिपून, धाग्याच्या आडव्या दिशेने बारीक चिरून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवली की तिचे लहान, हलके, चिवट कण होतात. चिवट म्हणजे वातड नव्हे. दाताखाली एकदा दबतात आणि जातात. पनीर तसंच वाळवलं तर बाहेरून किंचित कडक आणि आतून करकरीत होतं. बाजारातल्या लालभडक चिकन-काड्या कात्रीने बारीक कापून वापरता येतात, पण त्यांचा रंग आपल्यासाठी आहे. कुत्र्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. त्याच्या जगात मुख्य रंग निळा आणि पिवळा.

रंगाचा खरा उपयोग दुसरीकडे होतो, घास जमिनीवर टाकताना. कधी कधी तो हातातून न देता दूर टाकायचा असतो. कुत्रा धावत जातो, खातो, आणि परत ‘ये’ म्हणण्याची संधी मिळते. अशा वेळी तपकिरी तुकडा काळ्या मातीत हरवतो आणि कुत्रा नाकाने माती उकरत राहतो. इथे मुरमुरे कामाला येतात. काळ्या मातीवर, कोटा फरशीवर पांढरा दाणा लांबून दिसतो. मुरमुरा वजनाने इतका हलका की शेकडो दाणे दिले तरी पोटाला कळत नाही, आणि जिभेवर पडताच विरतो. पण खारे नकोत, भडंग तर नकोच. भट्टीवरचे साधे, बिनमिठाचे. ज्वारीच्या लाह्याही अशाच गुणाच्या, फक्त त्यातले न फुटलेले गणंग वेचून काढायचे. श्रावणात नागपंचमीला घरात लाह्या येतातच. भाजलेले मखाणे दिसायला देखणे, पण मोठे. अर्धे केले तर बरे. फुटाण्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. सालं उडतात, दाणा कोरडा ठणठणीत, कुत्रा तो न चावता गिळतो आणि रात्री घरभर त्याचा परिणाम जाणवतो.

मुरमुऱ्याला वास मात्र नाही, आणि कुत्र्याच्या दृष्टीने बिनवासाचा घास अर्धाच घास. माणसाच्या जिभेवर स्वादकलिका हजारोंनी, नऊ हजारांच्या आसपास. कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या घरात. ती उणीव त्याचं नाक भरून काढतं. म्हणून मी मुरमुरे आणि वाळवलेल्या चिकनचे चार तुकडे एकाच डब्यात रात्रभर ठेवतो. सकाळपर्यंत मुरमुऱ्यांना चिकनचा वास लागतो. घास मुरमुऱ्याचा, ओढ चिकनची.

वासात सगळ्यांवर मात करणारा म्हणजे सुका बोंबील. मीठ लावून खारवलेला मासा टाळावा. बोंबील बहुधा नुसत्या उन्हावाऱ्यावर वाळवतात, तरी आणल्यावर जिभेला लावून पाहावा. कात्रीने बारीक कापला की प्रत्येक तुकडा नखाएवढा, कागदासारखा कोरडा, बोटांना काही न लावणारा. वास मात्र हाताला, खिशाला, शेजाऱ्याला. मी तो घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो आणि एकाच शब्दासाठी राखतो: ‘सोड’. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत नाशिककराच्या कुत्र्याला या शब्दाइतकं दुसरं काही उपयोगी नाही. दिंडोरी, पिंपळगावकडून येणाऱ्या गाड्यांतून द्राक्षं सांडतात, हातगाड्यांखाली मणी पडलेले असतात, कुत्रा तोंड घालतो. त्या वेळी तोंडातलं सोडून आपल्याकडे वळावं असं वाटायला समोरचा घास द्राक्षापेक्षा कितीतरी पटींनी ओढीचा हवा. बोंबील तेवढा आहे. पण तो रोज, प्रत्येक ‘बस’ला दिला तर त्याचं हे बळ जाईल. उंची वस्तू राखून ठेवण्यातच तिचं उंचीपण असतं. घरातल्या शांततेत रोजच्या जेवणातले कोरडे दाणे पुरतात; सकाळच्या वाट्यातून मूठभर बाजूला काढून ठेवायचे, तेच दिवसभर एकेक करून कमवायला लावायचे. इतका स्वच्छ, फुकट आणि पोटाला हिशोबात बसणारा खाऊ दुसरा नाही, आणि तरी फार थोड्या घरांत तो वापरला जातो.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या खाऊकडे येतो. आमची ठमी गावठी, वर्णाने पिवळसर, चौदा किलोची, खाण्याच्या बाबतीत चोखंदळ. तिच्यासाठी घरात जो स्थिरावला तो बाजरी आणि कलेजीचा. नाशिक जिल्ह्यातल्या कुत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाजरीची भाकरी खाल्ली आहे, त्यामुळे या खाऊला इथल्या मातीचा आधार आहे असं मी मानतो. पाव किलो कोंबडीची कलेजी बिनमिठाच्या थोड्या पाण्यात दहा मिनिटं उकळायची आणि त्याच पाण्यासकट बारीक वाटायची. त्यात मावेल तसं पीठ, साधारण दोन भाग बाजरी आणि एक भाग कणीक, वर एक अंडं. कणीक आणि अंडं चवीसाठी नाहीत. बाजरीत चिकटपणा नसतो, ती भाजली की मोडते आणि भुगा करते. कणकेतलं ग्लूटेन आणि अंडं तिला धरून ठेवतात. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी कणीक वगळून आणखी एक अंडं घालता येतं, पण मग तुकडा थोडा ठिसूळ होतो. पीठ मात्र गिरणीतून ताजं दळून आणलेलं हवं. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं आणि तो कडवटपणा कुत्रा आपल्याआधी ओळखतो.

गोळा घट्ट मळायचा, पोळीपेक्षा जाड आणि भाकरीपेक्षा पातळ लाटायचा, आणि मग शंकरपाळ्यांचं कातणं घ्यायचं. दिवाळीनंतर वर्षभर डब्यात पडून असलेल्या त्या दातेरी चाकाला इथे खरं काम मिळतं. उभ्या रेघा, आडव्या रेघा, अंतर जेमतेम एक सेंटिमीटर. तुकडे सुटे करायचे नाहीत, नुसत्या खोल रेघा मारायच्या. ओव्हन असेल तर दीडशे अंशांवर अर्धा-पाऊण तास. नसेल तर जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर, उलटसुलट करत. आच बंद केल्यावर लगेच काढायचं नाही. ओव्हनच्या किंवा तव्याच्या उरलेल्या उबेत ते तास-दोन तास वाळतं आणि तिथेच त्याचा पोत ठरतो. घाईने काढलेलं मधे मऊ राहतं आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो.

थंड झाल्यावर ती चौकोनी पाटी हातात घेऊन रेघेवर दाबली की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि तुकडा सरळ सुटतो. भुगा जवळजवळ नाही, कारण कडा आधीच कातलेल्या असतात. तुकडा बोटांत फिरवून पाहिला तर करड्या रंगाचा, वर बाजरीचे बारीक ठिपके, खाली तव्याची तांबूस खूण. कच्च्या कलेजीचा लोखंडी वास भाजताना मवाळ होतो आणि बाजरीचा खरपूसपणा वर येतो. माणसाच्या नाकालाही तो सुसह्य, कुत्र्याच्या नाकाला आमंत्रण. तेल-तूप नसल्याने कागदावर ठेवला तरी डाग पडत नाही. खिशात तासभर हिंदकळला तरी कोपरे शाबूत. ठमीच्या तोंडात तो दोनदा वाजतो आणि मग काही नाही. ती ओठ चाटत नाही, जमीन हुंगत नाही, वर पाहते. एका तुकड्यात किलोकॅलरी एक-दीड. संयम एवढाच पाळायचा की कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं, ते अंगात साठत जातं, म्हणून कलेजीचा खाऊ दिवसाला मूठभर नको. पंधरा-वीस लहान तुकडे आणि बाकी काम दुसऱ्या कशाने.

एकूण हिशोबही सोपा आहे. दिवसाच्या उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण सहाशे किलोकॅलरी लागतात. म्हणजे खाऊचे साठ. त्यात उकडलेलं चिकन पस्तीसेक ग्रॅम येतं, पनीर वीस-बावीस ग्रॅम. हे पस्तीस ग्रॅम मटाराच्या दाण्याएवढे चिरले तर साठ-सत्तर वेळा ‘हां!’ म्हणता येतं. कॉलेज रोडवरच्या कुठल्याही घरातलं गुबगुबीत लॅब्रेडॉर पाहिलं की हा हिशोब कुठे चुकतो ते कळतं. खाऊ जेवणातून वजा केलेला नसतो, वर दिलेला असतो. पाकीटबंद वस्तू घेताना मागची बारीक अक्षरं वाचावीत. साखर, मीठ, कांदा-लसणाची पूड आणि झायलिटॉल हे चार शब्द शोधावेत. झायलिटॉल, जे बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असतं, कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली आणतं.

खाऊ ठेवायचा कशात, हाही रसिकतेचाच प्रश्न आहे. प्लास्टिकची पिशवी सगळ्यात वाईट, कारण ती बोलते. तिची चुरचुर कुत्र्याला दोन दिवसांत पाठ होते, आणि मग तो ‘ये’ला येत नाही, चुरचुरीला येतो. चुरचुर नसली की बहिरा. स्टीलची डबी आतले तुकडे खुळखुळवते, तेही तसंच. मी पानसुपारीचा जुना कापडी बटवा वापरून पाहिला. आवाज अजिबात नाही, कमरेला लावला की विसरायला होतं, पण त्याची नाडी सोडायला दोन हात लागतात आणि तोवर सेकंद गेलेला असतो. जाड तोंडाची, एका बोटाने उघडणारी आणि आपसूक मिटणारी सिलिकॉनची छोटी पिशवी हल्ली मिळते. ती मुकी आहे, उलटी करून नळाखाली धुता येते आणि पाठीमागे लावली तर कुत्र्याला दिसतही नाही. दिसू नये हे महत्त्वाचं. घास आधी दिसला तर ती लाच होते आणि कुत्रा लाच बघून काम करायचं की नाही ते ठरवतो. शब्द आधी आला आणि घास कुठूनतरी मागून आला की तीच गोष्ट बक्षीस होते. शिकलेल्या शब्दाला मग दर वेळी द्यायचंही नसतं. कधी तिसऱ्या वेळी, कधी लागोपाठ दोनदा. अनिश्चित बक्षिसाने सवय जास्त टिकते, हे स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ च्या त्यांच्या ग्रंथात कबुतरांवरच्या प्रदीर्घ प्रयोगांतून दाखवलं.

खाऊशिवाय शिकणारी कुत्रीही असतात. पोलिसांच्या अनेक श्वानपथकांत चेंडू हेच बक्षीस. नाशिक पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या स्पाईकला २०२२ मध्ये ११ वर्षांच्या सेवेनंतर सजवलेल्या गाडीवर बसवून, टाळ्यांच्या गजरात निरोप दिला गेला, ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. बक्षीस चेंडूचं असो की घासाचं, एवढी वर्षं एका वासामागे नाक लावून काम करण्यात अक्षरशः हजारो छोट्या शाबासक्या साठलेल्या असतात. अमेरिकेत एटीएफ ही सरकारी यंत्रणा स्फोटकं शोधणाऱ्या लॅब्रेडॉरना घासावरच तयार करते. वास सापडला की अन्न, म्हणजे जेवण जवळजवळ सगळंच कामातून. इतका काटेकोरपणा घरी नको आणि गरजेचाही नाही. पण चेंडूपेक्षा घासाचा एक फायदा मला घरासाठी मोठा वाटतो. चेंडू परत घ्यावा लागतो, त्यात ओढाताण होते, मन चढतं. घास आपोआप मिटतो आणि कुत्रा शांतच राहतो.

पावसाळ्यात या सगळ्या कोरडेपणाची परीक्षा होते. जूनपासून हवेत इतकं पाणी असतं की मुरमुरे दुपारपर्यंत सादळतात, लाह्या रबरी होतात आणि बाजरीचे तुकडे चौथ्या दिवशी ‘टक्’ वाजत नाहीत, नुसते वाकतात. वाकला की खाऊ बिघडू लागला असं समजावं. सादळलेले मुरमुरे कोरड्या कढईत परतून पुन्हा उभे करता येतात. बाजरीचा खाऊ मात्र त्या दिवसांत आठवड्यापुरताच करावा, निम्मा बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, आणि बाहेरच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी बांधून टाकावी. ती ओल शोषून घेते. काळोख्या कोपऱ्यातला डबा रोज उघडून पाहावा. बुरशीचा पांढरा ठिपका एका तुकड्यावर दिसला तरी अख्खा डबा टाकायचा. बुरशीचे धागे दिसतात त्याहून खूप खोल गेलेले असतात, आणि वेचून, खरवडून उरलेलं वाचवण्याइतकी ती पाव किलो कलेजी महाग नाही.